लहान गावाची लोकसंख्या : पौडी गढवालच्या डोंगरी गावांची गणना

भारताच्या जनगणनेत प्रत्येक महसुली गावासाठी एक स्वतंत्र ओळ असते. २०११ च्या जनगणनेत अशा सुमारे ६ लाख ४० हजार गावांची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे ५ लाख ९७ हजार गावांमध्ये वस्ती आढळली. उरलेल्या सुमारे ४३ हजार गावांपुढे लोकसंख्येच्या रकान्यात शून्य लिहिले गेले. मराठी महसुली दप्तरात अशा गावाला ‘बेचिराग’ म्हणतात. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात संध्याकाळी दिवा लागत नाही ते बेचिराग.

यातील काही गावांत मनुष्यवस्ती कधीच नव्हती. केवळ जमिनीच्या मोजणीसाठी त्यांना गाव मानले गेले. काही गावे मात्र एकेकाळी नांदती होती. उत्तराखंड राज्यात २०११ साली एकूण १६ हजार ७९३ गावांपैकी १ हजार ४८ गावे निर्जन होती आणि त्यांतील तीनशेहून अधिक एकट्या पौडी गढवाल जिल्ह्यात होती. लहान गावाची लोकसंख्या कशी मोजली जाते, त्या आकड्यांचा अर्थ काय आणि त्यांवर गावाचे काय अवलंबून असते, याची माहिती या जिल्ह्याच्या आधारे येथे देण्यात येत आहे.

गाव म्हणजे काय?

जनगणनेच्या दृष्टीने गाव म्हणजे महसुली गाव होय. त्याची सीमा निश्चित असते आणि त्याला स्वतंत्र संकेतांक दिलेला असतो. लोक ज्याला बोलीभाषेत गाव म्हणतात ते आणि महसुली गाव नेहमी एकच असेल असे नाही. महाराष्ट्रात एका गावाच्या अनेक वाड्या असतात, त्याचप्रमाणे उत्तराखंडच्या डोंगराळ भागात एका गावाचे अनेक ‘तोक’ असतात. एका उतारावर दहा घरे, ओढ्यापलीकडे चार घरे, वरच्या धारेवर आणखी सहा घरे, आणि या सर्वांचे मिळून एक महसुली गाव, अशी रचना तेथे सर्रास आढळते. त्यामुळे एखादा तोक पूर्णपणे ओस पडला तरी गावाच्या ओळीत शून्य दिसत नाही. एकूण संख्या तेवढी घटलेली दिसते.

याउलट, गाव संपूर्ण निर्जन झाले तरी यादीतून त्याचे नाव पुसले जात नाही. जमीन, सीमा आणि संकेतांक कायम राहतात. पुढे तेथे कोणी राहावयास आले तर त्याच ओळीत पुन्हा आकडा लिहिला जातो.

देशातील ग्रामीण लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे ८३ कोटी होती. वस्ती असलेल्या गावांच्या संख्येने तिला भागल्यास सरासरी एका गावात सुमारे १ हजार ४०० लोक राहत असल्याचे दिसते. पौडी जिल्ह्यात हीच सरासरी दोनशेच्या आसपास आहे. देशाच्या सरासरीने ज्याला लहान गाव म्हणावे, ते पौडीत मोठे गाव ठरते.

गावाच्या ओळीत काय नोंदले जाते?

जनगणनेत गावपातळीवर मोजकीच माहिती प्रसिद्ध केली जाते. कुटुंबांची संख्या, एकूण लोकसंख्या, स्त्रिया व पुरुष, ० ते ६ वयोगटातील मुले व मुली, अनुसूचित जाती व जमातींची संख्या, साक्षर व्यक्ती आणि काम करणाऱ्यांचे वर्गीकरण एवढेच रकाने त्यात असतात. कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणाऱ्या व्यक्तींचा समूह. सात वर्षे व त्यावरील जी व्यक्ती कोणत्याही एका भाषेत समजून वाचू व लिहू शकते तिला साक्षर मानले जाते. वर्षातून सहा महिने किंवा अधिक काळ काम करणारी व्यक्ती मुख्य कामगार, तर त्याहून कमी काळ काम करणारी सीमांतिक कामगार गणली जाते. शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातील कामगार आणि इतर कामगार असे कामाचे चार गट आहेत.

सहा वर्षांवरील व्यक्तींचे वयोगट गावपातळीवर प्रसिद्ध केले जात नाहीत, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. गावात साठ वर्षांवरील किती लोक राहतात, हे जनगणनेच्या गावनिहाय ओळीवरून कळत नाही. ज्या गावात बहुतांश वृद्धच उरले आहेत आणि ज्या गावात तरुण कुटुंबे नांदत आहेत, अशा दोन गावांची एकूण संख्या सारखीच असू शकते. अशा वेळी ० ते ६ वयोगटाचा रकाना पाहावा. तेथे शून्य किंवा एक-दोन असा आकडा असेल, तर गावाचे भवितव्य त्या एका रकान्यावरून ध्यानात येते.

पौडी जिल्ह्याचे चित्र

पौडी गढवालची लोकसंख्या २००१ मध्ये ६ लाख ९७ हजार ७८ होती. २०११ मध्ये ती ६ लाख ८७ हजार २७१ झाली, म्हणजे दहा वर्षांत १.४१ टक्क्यांनी घटली. शेजारच्या कुमाऊँ विभागातील अल्मोडा जिल्ह्यातही १.२८ टक्के घट झाली. याच दशकात संपूर्ण उत्तराखंडची लोकसंख्या मात्र सुमारे १९ टक्क्यांनी वाढून १ कोटी ८६ हजारांवर पोहोचली. डेहराडून, हरिद्वार आणि उधमसिंगनगर या जिल्ह्यांत ही वाढ ३० टक्क्यांहून अधिक होती.

९ नोव्हेंबर २००० रोजी स्वतंत्र राज्य निर्माण झाले, ते प्रामुख्याने डोंगराळ भागाच्या विकासाच्या मागणीतून. राज्य स्थापनेनंतरच्या पहिल्याच दशकात डोंगरातील दोन जिल्ह्यांची लोकसंख्या घटावी आणि तराईतील शहरे फुगावीत, हा या आकडेवारीतील सर्वांत बोलका विरोधाभास मानला जातो.

निरक्षरता हे या घटीचे कारण नाही. पौडी जिल्ह्याची साक्षरता २०११ मध्ये ८२ टक्के होती. राज्याची सरासरी सुमारे ७९ टक्के, तर देशाची ७३ टक्के होती. शिक्षण मिळाले, परंतु शिकलेल्यांना गावाजवळ काम मिळाले नाही.

स्त्रियांची संख्या अधिक का?

२०११ मध्ये देशात दर हजार पुरुषांमागे ९४३ स्त्रिया होत्या. पौडी जिल्ह्यात हे प्रमाण १ हजार १०३, रुद्रप्रयागमध्ये १ हजार ११४ आणि अल्मोड्यात १ हजार १३९ होते. केवळ हा आकडा पाहणाऱ्यास येथे मुलींच्या जन्माचे विशेष स्वागत होत असावे, असे वाटेल. परंतु पौडीतील ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे केवळ ९०४ मुली होत्या. देशाची त्या वयोगटाची सरासरी ९१९ होती, म्हणजे पौडी त्याहूनही खाली होते.

या दोन आकड्यांतील अंतर गावात नसलेल्या पुरुषांमुळे पडते. मुले लहान असतात तोपर्यंत गावात मुलगे अधिक असतात; ते मोठे झाले की नोकरीसाठी बाहेर पडतात आणि मागे स्त्रिया उरतात. गढवालमधील तरुणांनी सैन्यात भरती होण्याची परंपरा जुनी आहे. गढवाल रायफल्स या पलटणीची स्थापना १८८७ मध्ये झाली आणि तिचे केंद्र पौडी जिल्ह्यातीलच लॅन्सडाउन येथे आहे. पुढे दिल्ली व इतर शहरांतील नोकऱ्यांची त्यात भर पडली. अनेक दशके या भागाचा संसार टपालाने येणाऱ्या पैशांवर चालला. म्हणूनच अभ्यासक त्याला मनिऑर्डरची अर्थव्यवस्था म्हणत.

मागे राहिलेल्या स्त्रियांवर पायऱ्यापायऱ्यांची शेती, जनावरे, चारा, सरपण आणि पाणी यांचा संपूर्ण भार पडला. अशा ठिकाणी स्त्रियांचे प्रमाण जास्त असणे हे त्यांच्या सुस्थितीचे लक्षण नसून त्यांच्यावरील कामाच्या ओझ्याचे निदर्शक आहे.

गाव कोण सोडते आणि का?

उत्तराखंड सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये या प्रश्नाच्या अभ्यासासाठी स्वतंत्र आयोग स्थापन केला आणि त्याचे मुख्यालय पौडी येथे ठेवले. हिंदीत त्याचा उल्लेख ‘पलायन आयोग’ असा होतो. मराठीत पलायन म्हणजे पळ काढणे, हिंदी प्रशासकीय भाषेत मात्र तो शब्द स्थलांतरासाठी वापरला जातो. त्यामुळे येथे स्थलांतर हाच शब्द योजला आहे.

आयोगाच्या २०१८ च्या अहवालानुसार आधीच्या दहा वर्षांत ६ हजार ३३८ ग्रामपंचायतींतून ३ लाख ८३ हजार ७२६ व्यक्तींनी अस्थायी स्थलांतर केले. हे लोक अधूनमधून गावी येतात आणि त्यांचा घराशी संबंध टिकून आहे. याखेरीज ३ हजार ९४६ ग्रामपंचायतींतील १ लाख १८ हजार ९८१ व्यक्तींनी गाव कायमचे सोडले. २०११ नंतर ७३४ गावे किंवा तोक निर्जन झाल्याचेही अहवालात नमूद आहे.

स्थलांतराचे कारण म्हणून सुमारे ५० टक्के प्रकरणांत रोजगार, १५ टक्के प्रकरणांत शिक्षण आणि सुमारे ९ टक्के प्रकरणांत आरोग्यसेवेचा अभाव पुढे आला. गाव सोडणाऱ्यांपैकी ४२ टक्के व्यक्ती २६ ते ३५ या वयोगटातील होत्या. हेच वय मुले शाळेत घालण्याचे असते. त्यामुळे एका तरुण जोडप्याबरोबर गावातील शाळेचे विद्यार्थीही जातात.

हे सर्व लोक दूरच्या महानगरांत गेले, असा समज मात्र चुकीचा आहे. सुमारे ७० टक्के स्थलांतरित राज्यातच राहिले. कोणी जवळच्या बाजारपेठेच्या गावी, कोणी जिल्ह्याच्या ठिकाणी, तर कोणी कोटद्वार, डेहराडून यांसारख्या शहरांत स्थायिक झाले. सुमारे २९ टक्के राज्याबाहेर आणि सुमारे एक टक्का परदेशी गेले.

आयोगाच्या नंतरच्या अहवालात २०१८ ते २०२२ या काळात ३ लाख ७ हजार ३१० व्यक्तींचे अस्थायी आणि २८ हजार ५३१ व्यक्तींचे कायमचे स्थलांतर नोंदले गेले. याच काळात आणखी २४ गावे निर्जन झाली. कायमचे गाव सोडणाऱ्यांची संख्या घटल्याचे यातून दिसते. तथापि ये-जा करणाऱ्यांची संख्या मोठीच राहिली.

निर्जनतेची कारणे सर्वत्र सारखी नसतात. उत्तरकाशी जिल्ह्यातील नेलांग आणि जादुंग ही सीमेलगतची गावे १९६२ च्या भारत-चीन युद्धाच्या वेळी रिकामी करण्यात आली आणि तेथील रहिवासी खाली बगोरी व डुंडा या भागांत वसले. तेथे रोजगाराचा नव्हे, तर सुरक्षेचा प्रश्न होता.

लोकसंख्या आणि सुविधांचे निकष

लहान गावाच्या दृष्टीने जनगणनेतील आकडा केवळ माहितीपुरता नसतो. शासकीय योजनांचे अनेक निकष लोकसंख्येवर आधारलेले आहेत.

रस्ते : प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली. सपाट प्रदेशात ५०० आणि डोंगराळ राज्यांत २५० लोकसंख्येच्या वस्त्यांना बारमाही रस्त्याने जोडण्याचे उद्दिष्ट तीत ठेवण्यात आले. त्यासाठी २००१ ची जनगणना प्रमाण मानली गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यासाठी २०११ ची जनगणना आधारभूत धरण्यात आली.

आरोग्य : सपाट प्रदेशात ५ हजार आणि डोंगराळ भागात ३ हजार लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र असावे, असा निकष आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी हे आकडे अनुक्रमे ३० हजार आणि २० हजार आहेत. दोनशे लोकवस्तीची पंधरा गावे एकत्र केली तेव्हा कोठे डोंगरात एक उपकेंद्र मिळते. आणि ती पंधरा गावे तीन-चार धारांवर विखुरलेली असतात.

अंगणवाडी : डोंगराळ भागात ३०० ते ८०० लोकसंख्येमागे एक अंगणवाडी आणि १५० ते ३०० लोकसंख्येमागे एक मिनी अंगणवाडी, असे प्रमाण ठरविण्यात आले.

निधी : पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक स्वराज्य संस्थांसाठीचे अनुदान राज्यांमध्ये वाटताना लोकसंख्येला ९० टक्के आणि क्षेत्रफळाला १० टक्के भार दिला.

डोंगराळ भागासाठी निकष शिथिल केलेले आहेत, हे यावरून स्पष्ट होते. परंतु प्रत्येक शिथिल निकषाच्याही खाली राहणारी गावे आहेत. पौडीतील दीडशे वस्तीचे गाव रस्त्याच्या २५० च्या निकषात बसत नाही. रस्ता नसल्याने कुटुंबे जातात, कुटुंबे गेल्याने संख्या आणखी घटते आणि गाव निकषापासून अधिकच दूर जाते. स्थलांतराची ही साखळी कोठून सुरू झाली हे सांगणे कठीण असते; ती कोठे तोडावी हा धोरणाचा प्रश्न आहे.

विधानसभेतील प्रतिनिधित्व

याच आकड्यांचा परिणाम राजकीय प्रतिनिधित्वावरही झाला. २००१ च्या जनगणनेच्या आधारे २००८ मध्ये मतदारसंघांची पुनर्रचना अमलात आली. उत्तराखंड विधानसभेच्या ७० जागांपैकी डोंगराळ जिल्ह्यांतील जागा ४० वरून ३४ वर आल्या आणि सपाट प्रदेशातील जागा ३० वरून ३६ झाल्या. एकट्या पौडी जिल्ह्याच्या जागा आठवरून सहा झाल्या. गाव सोडून गेलेल्या माणसाबरोबर त्याच्या मताचे वजनही तराईत उतरले, असे यावर म्हणता येईल.

कोकणाशी साम्य

मराठी वाचकांना हे चित्र अपरिचित वाटणार नाही. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार ७७७ वरून १६ लाख १५ हजार ६९ वर आली. ही घट ४.८२ टक्के होती. सिंधुदुर्ग जिल्ह्यात २.२१ टक्के घट झाली. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १ हजार १२२ स्त्रिया होत्या. मुंबईत नोकरी करणारा चाकरमानी, त्याची मनिऑर्डर आणि गणपतीत उघडणारे घर ही कोकणातील परिस्थिती गढवालशी मिळतीजुळती आहे. फरक असा की कोकणातील गावे तुलनेने मोठी आहेत. हजार-दीड हजार वस्तीच्या गावातून शंभर माणसे गेली तरी गाव राहते. ऐंशी वस्तीच्या गावातून तितकी जाऊच शकत नाहीत.

लहान संख्या वाचताना

गाव जितके लहान, तितकी त्याची टक्केवारी फसवी असते. चाळीस वस्तीच्या गावात सहा वर्षांखालील तीन मुले असतील आणि त्यांत दोन मुली व एक मुलगा असेल, तर गणिताने दर हजार मुलांमागे दोन हजार मुली होतात. पुढील वर्षी एका कुटुंबात मुलगा जन्मला की हेच प्रमाण एक हजारावर येते. त्यातून कोणताही सामाजिक निष्कर्ष काढणे योग्य नाही. त्याचप्रमाणे एक वृद्ध निरक्षर स्त्री निवर्तली की गावाची साक्षरता वाढलेली दिसते, जरी कोणी नव्याने लिहावयास शिकलेले नसले तरी.

म्हणून लहान गावाबाबत प्रमाणांऐवजी प्रत्यक्ष संख्या पाहाव्यात आणि शक्यतो दोन-तीन जनगणनांची तुलना करावी. निष्कर्ष काढावयाचे असल्यास गावांचा गट किंवा विकासखंड हा एकक घ्यावा. कुटुंबांची संख्या आणि लोकसंख्या यांचे गुणोत्तरही पाहण्याजोगे असते. एका कुटुंबात सरासरी दोन माणसे उरली असतील, तर घरात कोण राहत असेल याचा अंदाज बांधता येतो.

पुढील जनगणना

२०२१ मध्ये होणारी जनगणना कोविड साथीमुळे पुढे ढकलण्यात आली. साथीच्या काळात शहरांतून अनेक स्थलांतरित उत्तराखंडमधील आपल्या गावी परतले होते; त्यांतील काही राहिले, काही पुन्हा गेले. या उलथापालथीची गावनिहाय मोजणी कोणत्याही जनगणनेत झालेली नाही. २०११ नंतर पौडीतील गावांची जनगणनेची नवी ओळ लिहिली गेली नाही, असा याचा अर्थ होतो.

केंद्र सरकारने १६ जून २०२५ रोजी पुढील जनगणनेची अधिसूचना काढली. तीनुसार संदर्भदिनांक १ मार्च २०२७ असून उत्तराखंड, हिमाचल प्रदेश, जम्मू-काश्मीर व लडाख येथील बर्फाच्छादित भागांसाठी तो १ ऑक्टोबर २०२६ ठेवण्यात आला. उंच खोऱ्यांतील अनेक गावांतील लोक हिवाळ्यात खाली उतरतात. तेथे फेब्रुवारीत गणना केल्यास नांदते गाव निर्जन नोंदले जाईल. म्हणून अशा भागांत पाऊस संपताना, गावे उघडी असताना गणना करण्याची पद्धत आहे. २०११ च्या जनगणनेच्या वेळीही तेथील गणना सप्टेंबर २०१० मध्ये करण्यात आली होती. जातिनिहाय नोंद आणि डिजिटल पद्धत ही नव्या जनगणनेची वैशिष्ट्ये आहेत.

जनगणनेत व्यक्तीची नोंद ती जेथे सामान्यतः राहते तेथे होते. तिची जमीन किंवा वडिलोपार्जित घर कोठे आहे यावर ती अवलंबून नसते. डेहराडूनला राहणारा आणि वर्षातून एकदा कुलदेवतेच्या पूजेसाठी गावी येणारा मनुष्य डेहराडूनचाच रहिवासी गणला जातो. गावातील त्याचे घर घरयादीत कुलूपबंद म्हणून नोंदले जाते. त्याच गावात गुरे राखणारी, पाण्याच्या धाऱ्यावरून घागर आणणारी एकटी वृद्ध स्त्री राहत असेल, तर ती गावाची संपूर्ण लोकसंख्या ठरते: कुटुंबे १, एकूण १, पुरुष ०, स्त्रिया १. ही ओळ नोंदली जाईपर्यंत ते गाव जनगणनेच्या भाषेत वस्ती असलेले गाव असते. अशा घरापर्यंत प्रगणक पोहोचणे म्हणूनच महत्त्वाचे आहे. कारण पुढील अनेक वर्षे रस्ता, दवाखाना आणि निधी यांचे निर्णय घेताना त्याने लिहिलेली संख्याच प्रमाण मानली जाणार आहे.